वारा, पाणी आणि आमचं घर

हल्ली कुणाच्या वास्तुशांतीला गेलं की भेटवस्तूंच्या ढिगात एक तरी लाफिंग बुद्ध असतोच. देवघरात शांतादुर्गेची तसबीर, ओसरीवर गणपती आणि टीव्हीखालच्या कपाटावर तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक, अशी मांडणी आता गोव्यात कुणालाही खटकत नाही. म्हापशाच्या बाजारात जा, मडगावात जा, लाल दोऱ्यात ओवलेली चौकोनी भोकाची नाणी, काचेच्या भांड्यातल्या बांबूच्या कांड्या आणि दारात टांगायच्या किणकिणत्या नळ्या कुठंही मिळतात. विकणाऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, "फेंगशुई, भाऊ. घरात ठेवा, बरकत येते."

मला या वस्तूंचा राग नाही. आपण सगळेच कसला ना कसला आधार शोधत असतो. पण गेली काही वर्षं या विषयावर हाताला लागेल ते वाचत गेलो, आपल्या घराकडे, परसाकडे त्या नजरेनं पाहत गेलो, आणि एक गोष्ट लक्षात आली. बाजारात जी फेंगशुई मिळते तिच्यात फेंगशुई फारच थोडी आहे. आणि जी खरी फेंगशुई आहे तिच्यातलं बरंचसं आमच्या आज्या-पणज्यांना ठाऊक होतं, फक्त त्यांनी तिला नाव दिलं नव्हतं.

आधी नावापासूनच सुरुवात करू. 'फंग' म्हणजे वारा, 'श्वेई' म्हणजे पाणी. बस्स, एवढंच. ना बरकत, ना लक्ष्मी, ना बेडूक. वारा आणि पाणी. चीनमध्ये ही विद्या सुरुवातीला जिवंत माणसांच्या घरांपेक्षा मेलेल्यांच्या थडग्यांसाठी अधिक वापरली जायची. पूर्वजाला कुठं पुरलं म्हणजे त्याला शांती आणि वंशजांना सुख लाभेल, हा मूळ प्रश्न. या विषयावरचा जो जुना ग्रंथ सगळ्यांत जास्त मानला जातो तो दफनाविषयीच आहे, आणि परंपरा तो क्वो फू या विद्वानाच्या नावावर घालते. हा माणूस इ. स. २७६ ते ३२४ या काळातला. जमिनीत एक प्राणशक्ती वाहते, चिनी लोक तिला 'ची' म्हणतात. सोसाट्याचा वारा तिला उधळून लावतो आणि पाणी तिला थोपवून धरतं, अशी ही कल्पना. म्हणून जागा अशी शोधायची की जिथं वारा आहे पण बोचरा नाही, पाणी आहे पण घरात शिरणारं नाही.

मग ती जागा कशी ओळखायची? त्यासाठी त्यांनी चार प्राणी कल्पिले. घराच्या पाठीशी काळं कासव, म्हणजे उंच डोंगर. डाव्या हाताला निळा-हिरवा ड्रॅगन आणि उजव्या हाताला पांढरा वाघ, म्हणजे दोन्ही बाजूंनी येणाऱ्या टेकड्या, खुर्चीच्या हातांसारख्या. समोर लाल पक्षी, म्हणजे मोकळी जागा आणि तिच्यातून वळणं घेत जाणारं पाणी. थोडक्यात, डोंगराला पाठ टेकून आरामखुर्चीत बसावं तसं घर. दिशा बघायला त्यांच्याकडे होकायंत्र होतं. लोहचुंबकाची सुई नेमकी दक्षिणेला न थांबता किंचित पूर्वेला कलते, हे शेन ख्वो या चिनी पंडितानं १०८८ च्या सुमारासच लिहून ठेवलंय. जहाजं हाकायला वापरण्याआधी ही सुई तिथं घराची नि थडग्याची जागा बघायला वापरली जात होती.

आता यात शहाणपण काय ते बघा. बीजिंग साधारण ४० अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथं हिवाळ्यात उत्तरेकडून, मंगोलिया-सैबेरियाकडून हाडं गोठवणारा वारा येतो, आणि तो धूळही घेऊन येतो. सूर्य मात्र हिवाळ्यात दक्षिणेकडे खाली झुकलेला. मग घराची पाठ उत्तरेला आणि तोंड दक्षिणेला असावं, हा नियम सांगायला ज्योतिषी कशाला हवा? जो माणूस तिथं एक हिवाळा काढील तो हेच सांगेल. पिढ्यान्‌पिढ्या थंडीत कुडकुडून जे शिकले ते त्यांनी कासव आणि पक्षी यांच्या भाषेत मुलांना सांगितलं. गोष्टीत सांगितलेलं लक्षात राहतं, एवढंच त्याचं कारण असावं.

आपल्याकडे आली ती ही फेंगशुई नव्हे. १९४९ नंतर चीनच्या नव्या राजवटीनं या विद्येला अंधश्रद्धा ठरवलं आणि सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, म्हणजे १९६६ ते १९७६, तिच्यावर चांगलाच वरवंटा फिरला. ती टिकली हाँगकाँग, तैवान, सिंगापूर, मलेशियात. तिथून अमेरिकेत गेली. १९८० च्या दशकात लिन युन नावाच्या गुरूनं तिथं तिची सोपी आवृत्ती काढली. खऱ्या दिशा बघायच्याच नाहीत, दारात उभं राहायचं आणि घराचे नऊ भाग पाडायचे. दारातून आत बघताना डाव्या हाताचा लांबचा कोपरा तो पैशाचा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला याहून सोयीचं काय? मागाहून मलेशियाच्या लिलियन टू यांची इंग्रजी पुस्तकं आपल्या रेल्वे स्टेशनांवर आणि विमानतळांवर दिसू लागली आणि बघता बघता बेडूक आमच्या घरी आला.

या वस्तूंचं मूळ शोधायला गेलं तर गंमतच आहे. लाफिंग बुद्ध हा गौतम बुद्ध नव्हेच. तो बुदाई, हजार-अकराशे वर्षांपूर्वीचा, चीनच्या चच्यांग प्रांतातला कापडी झोळी घेऊन हिंडणारा एक फकीर भिक्षू. पुढं लोकांनी त्याला मैत्रेयाचा अवतार मानलं. 'लकी बांबू' हा बांबू नाही. ती ड्रॅसिना जातीची वनस्पती, मूळची आफ्रिकेतल्या कॅमेरूनच्या बाजूची. आणि आपला मनी प्लांट? तो प्रशांत महासागरातल्या मोरेआ नावाच्या चिमुकल्या बेटावरचा. आमच्या परसात कुणीतरी हौसेनं लावलेला एक वेल माडावर चढला आणि त्याची पानं पत्रावळीएवढी झाली. पैसा किती आला ते माड पाडणाऱ्या पाडेल्याला विचारा. त्याला चढताना तो वेल आधी कापावा लागतो आणि त्याची मजुरी तो वेगळी घेतो.

तुम्ही म्हणाल, झाली की थट्टा करून. पण माझा मुद्दा थट्टेचा नाही. उत्तर चीनच्या लोकांनी आपल्या वाऱ्या-पाण्याला प्रश्न विचारला आणि त्यांना त्यांचं उत्तर मिळालं. आपण त्यांचं उत्तर विकत आणतो आणि प्रश्न विचारायचं मात्र सोडून देतो.

आमचं गोवं साधारण १५ अंश अक्षांशावर. मे महिन्याच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य आमच्या डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. उत्तरेकडून गोठवणारा वारा येत नाही. येतो तो नैर्ऋत्येकडून मोसमी पाऊस, वर्षाला सरासरी १२० इंच, आणि येतो तो आडवा, भिंतीवर चाबूक मारल्यासारखा. म्हणजे चिनी माणसाला जशी उत्तरेची धास्ती तशी आम्हाला नैर्ऋत्येची. जुनी माणसं पावसाळ्याआधी त्या बाजूच्या भिंतीला माडाची विणलेली चुडतं बांधायची. मातीची, चिऱ्याची भिंत त्या झडीपासून वाचायची. कौलांचा उतार इतका खाली आणलेला की ओसरीवर यायचं तर वाकून यावं लागे. उन्हाळ्यात प्रकाश गाळून यावा म्हणून काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्या बसवलेल्या खिडक्या. याला कुणी फेंगशुई म्हटलं नाही. पण वाऱ्याचा आणि पाण्याचा याहून नेमका विचार दुसरा कुठला?

राजांगणाचंच बघा. आमच्या जुन्या घरांच्या मधोमध उघडा चौक, चारी बाजूंनी आत उतरणारी कौलं, मध्ये तुळस. पाऊस घराच्या पोटात पडतो. दक्षिण चीनमध्ये, आन्हुई प्रांतातल्या जुन्या व्यापाऱ्यांच्या घरांत अगदी हीच रचना आहे. त्या उघड्या चौकाला ते 'आकाशाची विहीर' म्हणतात. चारी छपरांचं पाणी घरातच येतं, आणि पाणी म्हणजे धन, तेव्हा धन घरात येतं, असा त्यांचा हिशेब. ते व्यापारी आणि आमचे फोंडा-पेडण्याचे जमीनदार एकमेकांना कधी भेटले नसणार. पण दोन्हीकडे ऊन कडक, पाऊस भरपूर आणि कुटुंब मोठं. दोन्हीकडच्या गवंड्यांना एकच गोष्ट उमगली. चौकातली गरम हवा वर निघून जाते आणि सावलीतल्या खोल्यांतली थंड हवा हलत राहते. आज त्याच राजांगणावर आम्ही प्लास्टिकचे पत्रे घालतो, आतलं घर तापतं म्हणून एसी बसवतो आणि 'ची' खेळती राहावी म्हणून स्फटिक टांगतो!

आता थोडं रोजच्या घराबद्दल. फेंगशुईतल्या काही गोष्टी मी खरोखर वापरतो, पण माझ्या पद्धतीनं.

विंड चाइम कुणीतरी भेट दिला होता. तो मी 'शुभ' कोपऱ्यात न लावता घरभर फिरवला. आठवडाभर एका खिडकीत, आठवडाभर दुसऱ्या. कुठं वाजतो, केव्हा वाजतो ते कॅलेंडरवर लिहीत गेलो. हिवाळ्याच्या दिवसांत पहाटे सह्याद्रीकडून येणारा वारा तो पूर्वेच्या खिडकीत ऐकवायचा. दुपारी दोन-तीननंतर समुद्राकडचा वारा सुटला की पश्चिमेला. आणि घराच्या मधल्या खोलीत तो कधीच वाजला नाही. का, तर पश्चिमेच्या खिडकीसमोर आम्ही कपड्यांचं मोठं कपाट ठेवलं होतं. कपाट हलवलं. आता मधल्या खोलीत दुपारी पंखा लागत नाही. वीस-पंचवीस नळ्यांच्या त्या खेळण्यानं मला घरातल्या वाऱ्याचा नकाशा काढून दिला. मला वाटतं, वाऱ्याच्या घंटीचा याहून चांगला उपयोग नसावा.

पलंग असा ठेवावा की निजल्या निजल्या दार दिसेल पण पाय थेट दारात येणार नाहीत, असं फेंगशुई सांगते. करून पाहा. झोप खरंच स्वस्थ लागते. दार पाठीशी असलं की माणसाचं एक अंग जागं राहतं, हे कळायला 'ची' मानायलाच हवी असं नाही. मोडकी वस्तू घरात ठेवू नका, बंद पडलेलं घड्याळ दुरुस्त करा नाही तर काढा, दारातली चपलांची रास हलवा, हेही तसंच. आमची आजी संध्याकाळी दिवा लावायच्या आधी उंबरा पुसायची, तेव्हा तिथं पडलेलं काहीही तिला चालत नसे. अंगणातली वाट सरळसोट नको, वळणाची असावी, असं चिनी बागा सांगतात. चढाच्या जागेवर हे आम्हालाही लागू पडतं. सरळ पायवाटेवरून पावसाचं पाणी माती घेऊन धावत सुटतं, वळणाच्या वाटेवर ते दमतं, थांबतं, मुरतं.

पाण्याच्या बाबतीत मात्र एक धोक्याची सूचना. दारात पितळेच्या उरळीत पाणी, त्यावर फुलं आणि तरंगत्या पणत्या, ही फॅशन आता सगळीकडे आहे. लकी बांबूचं भांडंही असतं. डेंग्यूचे डास नेमकं असलंच स्वच्छ, साचलेलं पाणी पसंत करतात. अंड्यातून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. तेव्हा आठवड्यातून एकदा भांडं रिकामं करून, आतून घासून, कोरडं करा. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. साचलेलं पाणी वाईट, वाहतं पाणी चांगलं, हे फेंगशुईही सांगते. ते का सांगते, हे विसरायचं नाही. आमच्या जुन्या घरांत न्हाणीचं पाणी पाटानं केळींच्या आणि अळवाच्या मुळांशी जायचं, पुढं माडाला. वाहतं पाणी आणि त्याच्या शेवटी एक घड. घरातल्या कृत्रिम धबधब्यापेक्षा हे मला जास्त श्रीमंत वाटतं.

इतकं सगळं बोलायला सोपं. पण माणूस अडचणीत असला की यातलं काही त्याच्या कानात शिरत नाही. चार वर्षांमागं आमच्याच घरात हा प्रसंग आला.

आमचं मूळ घर फोंडा तालुक्यात. तिथं आता काकी आणि तिचा मुलगा, म्हणजे माझा धाकटा चुलतभाऊ, बायको-मुलांसह राहतो. त्याच्या बायकोला आमवात. सकाळी बोटं मिटत नाहीत, कधी कधी वेणीसुद्धा घालता येत नाही. औषधं चालू होती, खर्च चालू होता, गुण हळूहळू येत होता. त्यात कुणीतरी एका सल्लागाराचं नाव सुचवलं. तो आला, होकायंत्र धरून घरभर फिरला आणि म्हणाला, दारासमोरची विहीर घरच्या लक्ष्मीचं आरोग्य ओढून घेतेय, ती पुरा. विहीर सामाईक, चार भावांच्या वाट्याची. तेव्हा भावाचा मला फोन. "दादा, तुजी सय जाय. तुका अंधश्रद्धा दिसतली, पूण हांव कितें करूं?"

या प्रश्नाला लगेच देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ज्याची बायको रात्री दुखण्यानं कण्हते त्याला व्याख्यान काय द्यायचं? मी गाडी काढली आणि गेलो. काकी ओसरीवर बसली होती, वय ऐंशीच्या पुढं. मी चप्पल काढतोय तोच म्हणाली, "बांय पुरची न्हय रे पुता. तिचें उदक पियेवनच तुमी सगळे वाडल्यात." भाऊ मान खाली घालून उभा. आत त्याची बायको चहा करत होती, गाळणं धरताना तिचा हात थरथरत होता.

मी भावाला एवढंच विचारलं, "तो माणूस किती वेळ होता?" म्हणाला, "दोन तास. दर एका खोलीत बसलो. सगळें विचारलें." तेव्हा मला कळलं. डॉक्टरकडे पाच मिनिटं, आम्हा नातेवाइकांचे फोन दोन मिनिटांचे, आणि हा परका माणूस दोन तास बसून त्याचं ऐकत होता. त्याच्या घराकडे कुणीतरी नीट पाहत होतं. माणसं सल्लागाराला पैसे देतात ते बहुधा यासाठी.

मग मीही तेच केलं. भावाला घेऊन घराभोवती फिरलो. त्याला म्हटलं, चिनी पुस्तकाप्रमाणं बघायचं तर पाठीशी डोंगर, समोर पाणी, ही सगळ्यांत उत्तम जागा. आपलं घर तसंच आहे. विहीर समोर आहे ती त्यांच्या हिशेबानं भाग्याचीच. त्याला हसू आलं, बऱ्याच दिवसांनी. फिरता फिरता मागच्या बाजूला आलो. तिथं दोन वर्षांपूर्वी नवीन संडास बांधला होता आणि त्याचा सोकपिट घराच्या कडेला, चढावर. मी पावलं मोजली. विहिरीपासून जेमतेम पंचवीस फूट. निदान पन्नास फूट तरी अंतर हवं, आणि तेही विहिरीच्या उताराच्या बाजूला. आमची जमीन चिऱ्याची, भेगांची. पावसाळ्यात सोकपिटातलं पाणी कुठं जाणार, हे सांगायला होकायंत्र नको होतं.

पाण्याचा नमुना तपासायला दिला. मलमूत्रातून येणारे जंतू सापडले. वहिनीच्या आमवाताशी त्याचा संबंध आहे असं डॉक्टर म्हणाले नाहीत आणि मीही म्हणणार नाही. पण घरातल्या मुलांची पोटं दर पावसाळ्यात का बिघडायची ते समजलं. सोकपिट बंद करून उताराच्या बाजूला, गोठ्यापलीकडे नवा काढला. विहीर उपसली, गाळ काढला, ब्लीचिंग घातली, पुन्हा तपासून घेतली. तोवर पाणी उकळून. सहीचा कागद तसाच राहिला. वहिनीचं औषध आजही चालू आहे. काही दिवस बरे जातात, काही वाईट. सल्लागारानं दिलेला बेडूक अजून कपाटावर आहे, मी त्याला हात लावला नाही. त्या घरात दुखणं पाण्याशी जोडलेलं होतं हे त्या माणसाला चुकून का होईना जाणवलं म्हणायचं, फक्त उपाय सांगताना तो विहिरीकडे बघत राहिला आणि चढाकडे बघायचं राहिलं.

विहिरीवरून आणखी एक आठवलं. आपल्याकडे सहाव्या शतकात वराहमिहिरानं बृहत्संहिता लिहिली. तिच्यात वास्तूचा अध्याय आहेच, पण त्याच्या लगेच पुढं 'दकार्गल' नावाचा अध्याय आहे, जमिनीखालचं पाणी कसं ओळखावं याचा. कुठल्या झाडाजवळ वारूळ असेल तर किती पुरुष खोलीवर पाणी लागेल, असे आडाखे तो देतो. आमची सातेरी गावोगाव वारुळाच्याच रूपात पुजली जाते. वारुळाखाली ओल असते, ओलीवर शेती असते, आणि शेतीवर गाव. आमच्या पूर्वजांनी वारुळाला हात जोडले तेव्हा त्यांनी कुठल्या पुस्तकातलं वाक्य वाचलेलं नव्हतं. त्यांनी जमिनीकडे पाहिलं होतं.

हाच धागा घराच्या कुंपणाबाहेर नेला की मन अस्वस्थ होतं. हाँगकाँगच्या जुन्या खेड्यांमागं चंद्रकोरीच्या आकाराची दाट झाडी असते. तिला 'फेंगशुई वन' म्हणतात. अशी शंभराहून अधिक वनं तिथं आजही आहेत. गावाची पाठराखण करणाऱ्या त्या झाडीला कुऱ्हाड लावायची नाही हा दंडक. तिनं वादळाचा वारा अडवला, दरडी धरून ठेवल्या, झरे जिवंत ठेवले. सभोवार सगळं तुटलं तेव्हा मूळचं जंगल कसं होतं ते बघायला तिथल्या शास्त्रज्ञांना हीच वनं उरली. आता आमच्या सत्तरीत, सांग्यात या. डोंगराच्या पायथ्याशी देवराई. काठीसुद्धा उचलायची नाही, पान तोडायचं तर देवाची परवानगी घेऊन. तिच्यातून झरा निघतो, झऱ्यावर कुळागर, कुळागराखाली भातशेती, पुढं खाजन जमीन आणि तिचे बांध, भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर सोडणारी मानस. वारा आणि पाणी यांची एवढी मोठी आखणी एका गावात, आणि ती कुणा एका गुरूनं केलेली नाही.

चिनी समजुतीप्रमाणं डोंगराच्या रांगेतून ड्रॅगनची नस वाहते. डोंगर कापला की नस तुटते आणि गाव निपुत्रिक होतं. आम्हाला नस दिसत नाही, पण झरा आटलेला दिसतो, चिखल शेतात उतरलेला दिसतो. २००७ साली लोक रस्त्यावर उतरले म्हणून गोव्याचा '२०११ चा प्रादेशिक आराखडा' सरकारला रद्द करावा लागला होता. तरी डोंगर उतरणीला लागलेले जेसीबी आणि शेतात पडणारी मातीची रास आजही आपण येता-जाता बघतो. भातशेत बुजवून बांधलेल्या बंगल्यात सुख नांदावं म्हणून दारात वाहत्या पाण्याचं यंत्र लावलेलं मी पाहिलंय. मागचा डोंगर कापून काढलेल्या कॉलनीत, दिवाणखान्यात चिनी मातीचा ड्रॅगन पाहिलाय. बाहेरचा ड्रॅगन मारायचा आणि आतला पुसत बसायचा, याला काय म्हणावं?

म्हणून माझी वाचकांना साधी विनंती आहे. फेंगशुई करायचीच असेल तर वस्तू आणण्याआधी एक वर्ष घराकडे बघा. पहाटेचा वारा कुठून येतो? दुपारचं ऊन कुठल्या भिंतीवर किती वेळ राहतं? पहिल्या पावसाचं पाणी अंगणातून कुठल्या वाटेनं जातं आणि कुणाच्या कुंपणात शिरतं? विहीर मे महिन्यात किती हात खाली जाते? सोकपिट कुठं आहे? घराच्या पाठीशी काय आहे, आणि पुढल्या वर्षीही ते तिथं असणार आहे का? उत्तरं वहीत लिहून ठेवा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एकट्याला सापडायचं नाही. त्यासाठी ग्रामसभेला जाऊन बसावं लागेल.